पाऊण डॉलरचा हिशेब

११ ऑगस्ट २०१८ रोजीं शनिवार होता. त्या दिवशीं २८ देशांतील एटीएम यंत्रांतून पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नांवावर सुमारें १२,००० वेळां पैसे काढण्यांत आले, आणि दोन दिवसांनीं हाँगकाँगमधील एका खात्यांत आणखी १३ कोटि ९२ लक्ष रुपये परस्पर रवाना झाले. एकंदर रक्कम ९४ कोटींच्या वर गेली. तिजोरीस कोणी हात लाविला नव्हता, कीं पहारेकऱ्यास कोणी बांधून घातलें नव्हतें. एटीएम यंत्र पैसे देण्यापूर्वीं 'द्यावे काय?' असें बँकेस विचारतें. हा प्रश्न ज्या वाटेनें बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत जातो, त्या वाटेवर एक बनावट मध्यस्थ बसविण्यांत आला होता. तो प्रश्न आंत जाऊंच देत नसे. 'द्यावे' हें उत्तर स्वतःच देऊन मोकळा होई. देवडीवर खोटा जमादार बसवून गडाची परवानगी बाहेरच्या बाहेर देण्याचाच हा प्रकार.

या प्रसंगानंतर आमच्या परिचयाच्या अनेक सुशिक्षित गृहस्थांच्या तोंडून आम्हीं एकच उद्गार ऐकिला : 'काय विलक्षण बुद्धि आहे पहा या लोकांची!' हा उद्गार आम्हांस मान्य नाहीं. परक्याच्या संगणकांत शिरणाऱ्यांस आज हॅकर म्हणतात. हा शब्द मूळचा दूषणाचा नव्हे. १९६० च्या आसपास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें, खेळण्यांतील आगगाड्यांचा नाद असलेल्या विद्यार्थ्यांच्या मंडळांत तो रूढ झाला. यंत्राकडून अनपेक्षित काम करवून घेणारा कुशल गडी, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढें त्याचा अर्थ बिघडला, पण कौशल्याचा दरारा मात्र तसाच चिकटून राहिला. वस्तुतः हे लोक आंत शिरतात कसे, हें ज्या एका प्रकरणावरून सर्वांत चांगलें समजतें, त्यांत बुद्धीचा भाग थोडा, चिकाटीचा पुष्कळ, आणि घरमालकांच्या विश्वासू व आळशी स्वभावाचा सर्वांत अधिक आहे. तें प्रकरण १९८६ सालचें. ज्याच्या घरांत चोर शिरला त्यानेंच चोराची प्रत्येक हालचाल टिपून ठेविली, हें त्याचें वैशिष्ट्य.

क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळेंत त्यांच्या कामासाठीं मिळालेला पैसा संपला, तेव्हां त्यांची रवानगी तेथील संगणक-विभागांत झाली. रुजू होऊन दोन दिवस होतात न होतात तों त्यांच्यापुढें एक क्षुल्लक काम आलें. संगणक वापरणाऱ्या शास्त्रज्ञांकडून वेळेच्या मानानें आकार घेतला जाई, व हा हिशेब दोन निरनिराळे प्रोग्रॅम ठेवीत. त्या दोन हिशेबांत पाऊण डॉलरचा, म्हणजे ७५ सेंटांचा, फरक पडला होता. तो कोठून आला, हें शोधावयाचें.

दुसरा कोणी असता तर त्यानें ती रक्कम 'किरकोळ' या सदराखालीं टाकून दिली असती. स्टोल यांनीं शोध केला. 'हंटर' या नांवाचें एक खातें निघालें. पण त्याचें बिल कोणास पाठवावें, याचा पत्ताच कोठें नव्हता. तें खातें त्यांनीं काढून टाकिलें. लवकरच दुसऱ्या एका संगणकाच्या चालकांकडून तक्रार आली कीं, तुमच्याकडून कोणी आमच्या येथें शिरूं पाहत आहे. पाहतात तों ज्या संशोधकाच्या नांवानें हा उद्योग चालला होता, तो गृहस्थ तर इंग्लंडांत! तेव्हां स्टोल यांनीं एका शनिवार-रविवारीं सहकाऱ्यांच्या खोल्यांतून, कोणास न विचारतां, पन्नासएक छापयंत्रें व लहान संगणक उचलून आणिले, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तारेस एकेक जोडलें, आणि टेबलाखालीं अंथरूण टाकून ते झोंपले. सकाळीं त्यांतील एका यंत्रांतून कागदाची लांबच लांब पट्टी बाहेर पडली होती. पाहुण्यानें रात्रीं जें जें टाइप केलें, तें अक्षरशः तींत उतरलें होतें.

त्या कागदावरून जी पद्धति दिसली ती अशी. एखाद्या सामान्य वापरकर्त्याच्या नांवानें हा मनुष्य आंत येई, आणि सर्वांत आधीं 'या वेळीं येथें कोण कोण जागें आहे?' हें पाही. संगणकाचा व्यवस्थापक कामावर दिसला तर तो मुकाट्यानें निघून जाई. नंतर तो वरच्या अधिकाराची वाट शोधी. युनिक्स नामक व्यवस्थेवर त्या काळीं लेखनाचा एक लोकप्रिय प्रोग्रॅम होता. विद्वानांनीं तो एकमेकांस फुकट वाटला होता. त्यांतील टपाल हलविणाऱ्या भागास बर्कली येथें मालकाचे अधिकार देऊन ठेविलेले होते. त्यामुळें तो भाग कोणतीही फाइल कोठेंही, अगदीं देवघरांतसुद्धां, नेऊन ठेवूं शके. व्यवस्थेंत दर पांच मिनिटांनीं आपोआप चालणारा एक घरकामाचा प्रोग्रॅम होता. पाहुण्यानें त्याच्या जागीं त्याच नांवाचा आपला प्रोग्रॅम ठेविला. पांच मिनिटांनीं संगणकानें तो घरचाच समजून चालविला, आणि पाहुणा क्षणांत सर्वाधिकारी झाला. मग त्यानें मूळचा प्रोग्रॅम परत जागेवर ठेवून दिला. कावळीच्या घरट्यांत अंडें घालणाऱ्या कोकिळेची युक्ति आपणांस परिचित आहे. स्टोल यांसही हाच दृष्टान्त सुचला, व १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकास त्यांनीं तेंच नांव दिलें.

आम्हां महाराष्ट्रीयांस येथें हिरकणीची आठवण होणें स्वाभाविक आहे. रायगडाचे दरवाजे सूर्यास्तास बंद झाले, आणि तान्ह्या मुलाच्या ओढीनें ती गवळण ज्या कड्यावर पहारा नव्हता त्या कड्यानें खालीं उतरली. आख्यायिका सांगते कीं, महाराजांनीं तिला शिक्षा केली नाहीं; तिचा गौरव करून त्या ठिकाणीं बुरूज बांधविला. बर्कलीच्या पाहुण्यास मूल नव्हतें आणि ओढही निराळी होती, पण कडा तसाच होता : तेथून कोणी ये-जा करील, अशी कल्पनाच कोणाच्या मनांत आली नव्हती.

परवलीच्या शब्दांचें प्रकरण तर याहून लाजिरवाणें. संगणक हे शब्द जसेच्या तसे ठेवीत नाहीं. दळून, पीठ करून ठेवितो. पिठाचे पुन्हां गहूं होत नाहींत, म्हणून ही पिठाची फाइल कोणीही वाचली तरी चिंता नाहीं, असा समज होता, आणि ती सर्वांस वाचावयास उघडी असे. पाहुणा ती नेमानें उचलून नेई. तिचें तो काय करीत असेल, याचा स्टोल यांस प्रथम उलगडा होईना. उत्तर सोपें होतें. पिठाचे गहूं करण्याची जरुरीच नाहीं; शब्दकोशांतील एकेक शब्द त्याच जात्यांत दळावा आणि कोणतें पीठ जुळतें तें पाहावें. ज्यानें साधा कोशांतला शब्द निवडला असेल, तो सांपडलाच. हा धोका अज्ञात होता असें नाहीं. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन या दोघां तज्ज्ञांनीं १९७९ सालीं लोकांनीं स्वतः निवडलेले ३,२८९ परवलीचे शब्द तपासून पाहिले होते. पैकीं १५ जणांचा 'शब्द' म्हणजे केवळ एक अक्षर होतें, ७२ जणांचा दोन अक्षरें, ४६४ जणांचा तीन; आणि अतिशय तोकडे किंवा कोशांत सांपडणारे असे सर्व मिळून शेंकडा ८६ भरले. या लोकांस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमचा स्वतःचा परवलीचा शब्द कित्येक वर्षें आमच्या आवडत्या ग्रंथकाराचें आडनांव हाच होता, व तो ग्रंथकार कोण हें आमच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक होतें.

बर्कलीची प्रयोगशाळा हें पाहुण्याचें ध्येय नव्हतेंच; ती धर्मशाळा होती. तेथून निघणाऱ्या जाळ्यावरून तो अमेरिकेच्या लष्करी संगणकांकडे जाई. त्यानें सुमारें ४५० संगणकांचे दरवाजे ठोठावले, आणि त्यांतले ३० हून थोडे अधिक उघडले. रीत ठराविक होती. कारखान्यांतून नवा संगणक येतो तेव्हां व्यवस्थापक, दुरुस्ती करणारा आणि पाहुणा यांच्यासाठीं खातीं तयार असत, व त्यांचे परवलीचे शब्द कारखान्यानेंच ठरविलेले असत. मालकानें ते बदलावे अशी अपेक्षा. पुष्कळ मालक बदलीत नसत. हा मनुष्य तीं दोन-चार नांवें व ते दोन-चार शब्द क्रमानें घालून पाही, आणि दार उघडलें नाहीं तर कुरकुर न करतां पुढच्या घरीं जाई. आंत गेल्यावर 'न्यूक्लिअर' यासारखे शब्द घालून तो फायली धुंडाळी. दिवसामागून दिवस हेंच. यांत बुद्धीचें तेज कोठें दिसतें, हें उद्गार काढणाऱ्यांनींच आम्हांस दाखवावें.

तो कोण व कोठला, याचे दोन धागे त्याच्या बोलीनेंच दिले. आज्ञा लिहितांना तो एक अक्षर अधिक घाली. बर्कलीच्या युनिक्सवर त्याची गरज नसे. दुसऱ्या घराण्याच्या युनिक्सवर वाढलेल्याचीच ती लकब. देशावरचा मनुष्य कोंकणांत दुसऱ्याच वाक्याला ओळखूं यावा, तसें हें झालें. दुसरें, त्यानें चोरलेल्या खात्यांस जे नवे परवलीचे शब्द दिले त्यांत 'येगर' हा होता. जर्मन भाषेंत त्याचा अर्थ शिकारी, आणि पहिल्या खात्याचें नांवही इंग्रजींत तेंच. अखेर माग जर्मनींतील हॅनोव्हर शहरापर्यंत लागला. परंतु तेथील टेलिफोनची यंत्रणा जुनी. घर कोणतें हें शोधण्यास तो बराच वेळ तारेवर राहावयास हवा. म्हणून १९८७ च्या आरंभीं स्टोल यांनीं एक खोटें लष्करी कार्यालय कल्पून त्याच्या नांवानें कंटाळवाण्या सरकारी भाषेंतील कागदांचा ढीग संगणकांत रचून ठेविला. पाहुणा तो ढीग वाचीत बसला, आणि घर सांपडलें. त्याचें नांव मार्कुस हेस. मिळविलेली माहिती तो व त्याचे साथीदार सोव्हिएट गुप्तहेर-खात्यास विकीत असत, हें पुढें उघड झालें. १९९० सालीं जर्मन न्यायालयानें त्यांस कारावासाच्या शिक्षा सांगितल्या, पण त्या तहकूब ठेविल्या.

या शोधाची दुसरी बाजू आम्हांस अधिक अस्वस्थ करिते. स्टोल ज्या मंडळींत वावरत, तेथें गुप्तहेर-खात्यांचें नांव निघालें तरी कपाळास आंठ्या पडत. आणि आतां ते रोज त्याच खात्यांच्या अधिकाऱ्यांशीं बोलूं लागले. ती खातींही गंमतीचीं. पाऊण डॉलरसाठीं आपण हलणार नाहीं, असें त्यांतील एकानें प्रथम सांगितलें. मित्र स्टोल यांस टोंचून बोलत. एका शास्त्रज्ञानें दुसऱ्याचें दार न ठोठावतां आंत यावें, हवा तो कागद वाचावा, ही जी विद्वानांच्या जाळ्याची रीत, तिच्यावरच हे जाळें उभें राहिलें होतें. प्रत्येक दारास कुलूप घातलें तर जाळें राहतें कोठें? आणि न घातलें तर हेस आहेच. स्टोल यांनीं आपली व्यवस्था बंदोबस्ताची केली, पण ती करतांना आपण कांहीं तरी गमावीत आहों, ही जाणीव त्यांच्या लिखाणांत ठिकठिकाणीं दिसते. ज्यांनीं ग्रंथालयाचीं कपाटें विद्यार्थ्यांसाठीं उघडीं ठेविलीं व वर्षअखेर मोजणी केली, त्यांस ती समजावून सांगावयास नको.

२ नोव्हेंबर १९८८ च्या सायंकाळीं त्या जाळ्यांत एक स्वतःच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम सुटला. त्यास 'कृमि' असें नांव पडलें. संगणक एकमेकांवर जो विश्वास टाकीत, त्या वाटेनें तो एका घरांतून दुसऱ्यांत जाई. टपालाच्या प्रोग्रॅममधील एक विसरलेलें चोरदार त्यास ठाऊक होतें. आणि परवलीचे शब्द ओळखण्यासाठीं त्यानें ४३२ शब्दांची यादी बरोबर घेतली होती. त्याच्या कर्त्यास नासधूस करावयाची नव्हती, पण प्रती काढण्याचें प्रमाण चुकलें, आणि प्रतींच्या भारानें हजारों संगणक जागच्या जागीं थबकले. ६,००० हा त्या वेळचा अंदाज. कर्ता कॉर्नेल विद्यापीठाचा एक विद्यार्थी निघाला : रॉबर्ट टॅपन मॉरिस, ज्यांनीं ९ वर्षांपूर्वीं ते ३,२८९ शब्द तपासले त्या मॉरिस यांचा मुलगा. वडील त्या वेळीं अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रांत प्रमुख शास्त्रज्ञ होते. मुलास न्यायालयानें ३ वर्षें देखरेखीखालीं राहण्याची, ४०० तास लोकसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा दिली. पुढें ज्या मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेच्या संगणकावरून त्यानें तो कृमि सोडला होता, तेथेंच तो प्राध्यापक झाला.

त्या रात्रीं चूक ध्यानांत आल्यावर त्यानें आपल्या एका मित्राकरवीं जाळ्यावर एक निनावी पत्र सोडविलें. त्यांत क्षमा मागितली होती, आणि कृमि थांबविण्याचे उपायही सांगितले होते. परंतु तोंपर्यंत ठिकठिकाणच्या व्यवस्थापकांनीं भयानें आपापले संगणक जाळ्यापासून तोडून टाकिले होते, आणि जे जोडलेले राहिले ते कृमीच्या भारानें दबले होते. तें पत्र वाटेंतच अडकून पडलें. बहुतेकांच्या हातीं तें आलें तेव्हां त्याचा उपयोग उरला नव्हता.