'वैतरणा' नावाची आगबोट

रामदास बोट म्हटलं की आपल्याकडे अजूनही जुनी माणसं हळहळतात. 17 जुलै 1947, मुंबईहून रेवसला निघालेली. पण तिच्या जवळपास साठ वर्षं आधी मुंबईच्याच एका कंपनीची बोट सातशेच्या वर माणसं घेऊन गायब झाली, ती आपल्याला ठाऊकच नाही. आणि नाव तर आपल्या नदीचं! वैतरणा. (यमलोकाच्या वाटेवरची ती वैतरणी, हेही नाव ठेवणाऱ्याला कुणी सांगायला हवं होतं.)

स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाऊथ गोदीत 1885 साली बांधलेली ही पोलादी आगबोट. मालक, मुंबईची ए. जे. शेफर्ड कंपनी. काम एकच, कच्छचं मांडवी ते मुंबई अशी फेरी. (अलिबागजवळचं मांडवा नव्हे बरं का.) साधारण तीस तासांचा प्रवास, भाडं आठ रुपये. बोटीवर विजेचे दिवे होते. तेव्हा हे अप्रूपच, म्हणून गुजराती लोक तिला 'वीजळी' म्हणायला लागले. जेमतेम तीन वर्षं ती चालली.

लांबी किती, तर 170 फूट. म्हणजे चार-साडेचार एसटी गाड्या एकामागे एक लावा. रुंदी सव्वीस-सत्तावीस फूट. मजले तीन होते हे खरं, पण खोल्या पंचवीसच. बाकीची माणसं बसली असतील कशी, याचा विचार करा.

8 नोव्हेंबर 1888. मांडवीहून ती निघाली, द्वारकेला आणखी प्रवासी चढले, आकडा 703 वर गेला. वर खलाशी वेगळे. लग्नाची वऱ्हाडं होती, मॅट्रिकची परीक्षा द्यायला मुंबईला निघालेली पोरं होती. हवा बिघडली म्हणून पोरबंदरला थांबलीच नाही, तशीच पुढे गेली. त्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळ झालं.

गुजरातीत तिच्यावर गाणी झाली, आजही ती 'हाजी कासमची वीजळी' म्हणूनच ओळखली जाते. लोककथेत कासम हा कप्तान. त्याचं नाव घरोघरी गेलं. शेफर्ड कंपनीचं नाव किती जणांना आठवतं? खरं तर मुंबई सरकारने चौकशी केली तेव्हा निघालं ते असं, की बोटीवर जीवरक्षक होड्या आणि जॅकेटं पुरेशी नव्हतीच. ही तजवीज कप्तानाने करायची की मालकाने?

शोधायला बोटी पाठवल्या गेल्या. एक फळकुटही हाती लागलं नाही.