उत्पादकाच्या दारातील महागाई : घाऊक किंमत निर्देशांक आणि पानिपतचा वस्त्रोद्योग

काला अंब (पानिपत, हरियाणा) : १४ जानेवारी ही तारीख मराठी माणसाच्या मनात पानिपताशी कायमची जोडलेली आहे. १७६१ च्या तिसऱ्या युद्धात धारातीर्थी पडलेल्या वीरांना दरवर्षी या दिवशी काला अंब येथील स्मारकापाशी मानवंदना दिली जाते. योगायोगाने महिन्याची १४ तारीख हीच देशाचा घाऊक किंमत निर्देशांक जाहीर होण्याची ठरलेली तारीख आहे. सुटी आल्यास तो पुढील कामकाजाच्या दिवशी प्रसिद्ध होतो. या निर्देशांकातील चढउतारांची झळ ज्यांना ग्राहकाच्या आधी बसते, असे लहान-मोठे उत्पादक स्मारकापासून काही किलोमीटरवरील पानिपत शहरात मोठ्या संख्येने आहेत.

संकल्पना

ग्राहक दुकानात जी किंमत मोजतो, तिच्यात कर, वाहतूक, घाऊक व्यापाऱ्याचा आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा समाविष्ट असतो. हे सर्व वजा केल्यावर उत्पादकाच्या हाती पडणारी रक्कम म्हणजे उत्पादक किंमत. तिच्यातील सरासरी बदल मोजणारा तो उत्पादक किंमत निर्देशांक. भारतात आजवर हे काम प्रामुख्याने घाऊक किंमत निर्देशांकाने केले आहे. दोहोंचे नाते जवळचे असले, तरी दोन गोष्टींत फरक पडतो. घाऊक निर्देशांकात सेवांचा समावेश नाही. शिवाय कापूस, सूत आणि कापड अशा एकाच साखळीतील वस्तू त्यात स्वतंत्रपणे मोजल्या जात असल्याने कापसाच्या भाववाढीची छाया निर्देशांकावर एकापेक्षा अधिक वेळा पडू शकते.

घाऊक किंमतींची साप्ताहिक मोजणी जानेवारी १९४२ मध्ये सुरू झाली. त्या वेळी ऑगस्ट १९३९ मधील, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरील किंमती १०० धरण्यात आल्या होत्या. त्यानंतर १९५२-५३, १९६१-६२, १९७०-७१, १९८१-८२, १९९३-९४, २००४-०५ आणि २०११-१२ अशी पायाभूत वर्षे बदलत गेली. मे २०१७ मध्ये लागू झालेल्या २०११-१२ च्या मालिकेत ६९७ वस्तू आहेत. तिच्यात प्राथमिक वस्तूंचा भार २२.६२ टक्के, इंधन व वीज यांचा १३.१५ टक्के आणि कारखानदारी उत्पादनांचा ६४.२३ टक्के आहे. याच मालिकेपासून अप्रत्यक्ष कर वगळण्यात आल्याने निर्देशांक उत्पादक किंमतीच्या संकल्पनेच्या अधिक जवळ आला. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयांतर्गत आर्थिक सल्लागारांचे कार्यालय तो प्रसिद्ध करते.

चढउतारांचा आलेख

विकसनशील अर्थव्यवस्थेतील घाऊक महागाईचा इतिहास बहुतांशी पुरवठ्यातील धक्क्यांचा इतिहास असतो. पुरवठा तुटला की भाव किती निर्दयपणे चढतात, याचा अनुभव १७६० च्या अखेरीस पानिपतावर कोंडल्या गेलेल्या मराठी छावणीनेही घेतला होता. अन्नधान्य आणि वैरणीचे मार्ग बंद झाल्यावर छावणीत उपासमार सुरू झाली. आधुनिक काळात हे धक्के पाऊस आणि खनिज तेल यांच्या वाटेने येतात. दुष्काळ आणि पहिले तेलसंकट एकत्र आल्याने १९७४-७५ मध्ये घाऊक महागाईची सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास गेली होती.

अलीकडच्या दशकात हा दर दोन्ही दिशांना टोकाला गेला. जागतिक बाजारात खनिज तेल स्वस्त झाल्याने २०१५-१६ मध्ये तो उणे ३.७ टक्के होता. कोविडच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, तो १.३ टक्के राहिला आणि २०२१-२२ मध्ये १३ टक्क्यांवर झेपावला. एप्रिल २०२१ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत सलग १८ महिने तो दोन अंकी होता. आधीच्या वर्षातील नीचांकी पाया, खनिज तेल, धातू व खाद्यतेलाची दरवाढ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेले युक्रेन युद्ध ही त्यामागील प्रमुख कारणे होती. २०२२-२३ मध्ये सरासरी ९.४ टक्के राहिली, तर २०२३-२४ मध्ये ती पुन्हा शून्याखाली, उणे ०.७ टक्क्यांवर आली.

याच काळात ग्राहक महागाईची वाट वेगळी होती. २०२१-२२ मध्ये ती सुमारे ५.५ टक्के, म्हणजे घाऊक दराच्या निम्म्याहूनही कमी होती. २०२३-२४ मध्ये घाऊक दर उणे असताना ती ५.४ टक्के होती. २०१२ पायाच्या ग्राहक निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेयांचा भार सुमारे ४६ टक्के आहे. घाऊक निर्देशांकातील अन्नगटाचा भार सुमारे २४ टक्के आहे. तफावतीचा मोठा भाग या भारांतून आणि सेवांच्या समावेशातून येतो. उरलेला भाग उत्पादकाने सोसलेल्या खर्चाचा असतो, आणि तो समजून घेण्यासाठी पानिपतचे उदाहरण बोलके आहे.

पानिपतची साखळी

पानिपत हे विणकरांचे शहर. चादरी, सतरंज्या, गालिचे आणि ब्लँकेट ही त्याची ओळख. देशोदेशींचे टाकाऊ लोकरी कपडे आणून, त्यांचे पिंजण करून पुन्हा सूत काढण्याच्या व्यवसायाचे हे जगातील एक मोठे केंद्र आहे. दुसरीकडे, याच जिल्ह्यात १९९८ मध्ये इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण प्रकल्प सुरू झाला. पुढे तेथे पॉलिएस्टरचा कच्चा माल तयार करणारे प्रकल्प उभे राहिले. खनिज तेलापासून नाफ्था, त्यापासून रसायने, रसायनांपासून पॉलिएस्टर धागा आणि धाग्यापासून ब्लँकेट, असे या मार्गावरचे बहुतेक टप्पे एकाच जिल्ह्याच्या परिसरात पाहता येतात.

तेल महागले की या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर भाव सारख्याच वेगाने चढत नाहीत. रसायने बनवणारे कारखाने मोजके आणि मोठे असतात. त्यांचे दर जागतिक बाजाराशी बांधलेले असल्याने वाढ लगेच पुढे सरकते. ब्लँकेट विणणारे मात्र असंख्य आणि लहान. त्यांच्यात आपसांत स्पर्धा असते, माल हंगामी असतो आणि भाव बहुधा खरेदीदार ठरवतो. वरून येणारी वाढ पूर्णपणे खाली ढकलता न आल्याने ती नफ्यातून, आणि नफा संपल्यावर कामगारांच्या मजुरीतून भरून काढली जाते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १ जानेवारी २०२३ पासून उद्योगांना कोळसा वापरण्यास मनाई झाली. हवेच्या दृष्टीने तो निर्णय आवश्यक मानला गेला, तरी पानिपतच्या रंगाई व धुलाई कारखान्यांना इंधन बदलण्याचा खर्च उचलावा लागला. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी आणि सोलापूर येथील यंत्रमागधारकांची कोंडीही याच जातीची आहे. सुताचा भाव त्यांच्या हाती नाही आणि कापडाचाही नाही.

सामान्यांशी संबंध

हा निर्देशांक केवळ कारखानदारांपुरता नाही. औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ नुसार अत्यावश्यक औषधांच्या कमाल किंमतींतील वार्षिक बदल घाऊक निर्देशांकाशी जोडलेला आहे. त्यामुळे २०२२ मध्ये १०.७७ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढीची मुभा मिळाली. २०२४ मध्ये ती जवळपास शून्य, तर २०२५ मध्ये १.७४ टक्के होती. राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरही २००८ च्या नियमांनुसार दरवर्षी ३ टक्के, अधिक घाऊक निर्देशांकातील बदलाच्या ४० टक्के इतका वाढतो. दीर्घ मुदतीच्या अनेक बांधकाम कंत्राटांतील भाववाढीचे कलमही याच आकड्यावर चालते. व्याजदराचे धोरण मात्र ऊर्जित पटेल समितीच्या २०१४ च्या शिफारशींनंतर ग्राहक निर्देशांकाकडे वळले.

जगातील स्थिती आणि पुढील वाट

अमेरिकेने १९७८ मध्येच आपल्या घाऊक निर्देशांकाचे नाव बदलून उत्पादक किंमत निर्देशांक केले. चीनमध्ये मार्च २०१२ ते ऑगस्ट २०१६ असे सलग ५४ महिने उत्पादक किंमती घटत होत्या. अतिरिक्त उत्पादनक्षमतेचे ते लक्षण मानले गेले. याउलट तुर्कस्तानात ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्राहक महागाई ८५.५१ टक्के असताना उत्पादक महागाई १५७.६९ टक्क्यांवर पोहोचली होती. चलनाची घसरण आधी कारखान्याच्या दाराशी कशी येऊन थडकते, याचे हे ठळक उदाहरण.

भारतात बी. एन. गोल्डर यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१७ मध्ये उत्पादक किंमत निर्देशांकाबाबत अहवाल दिला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने नीती आयोगाचे सदस्य रमेश चंद यांच्या अध्यक्षतेखाली नवा कार्यगट नेमला. २०२२-२३ हे पायाभूत वर्ष धरून घाऊक निर्देशांकाची पुनर्रचना करणे आणि उत्पादक निर्देशांकाकडे जाण्याचा आराखडा सुचवणे ही कामे त्याच्याकडे सोपवण्यात आली.

या बदलाचे खरे मोल कच्च्या मालाच्या आणि तयार मालाच्या किंमती वेगवेगळ्या मोजण्यात आहे. २०११-१२ पायाच्या राष्ट्रीय उत्पन्न मालिकेत कारखानदारीची वास्तव वाढ काढताना दोन्हींसाठी एकच निर्देशांक वापरला गेल्याची टीका अर्थतज्ज्ञांनी केली होती. कच्चा माल तयार मालापेक्षा अधिक स्वस्त होतो, तेव्हा अशा पद्धतीत वाढ फुगलेली दिसू शकते. विणकराच्या दृष्टीने प्रश्न अधिक साधा आहे. सूत किती टक्क्यांनी चढले आणि चादर किती टक्क्यांनी, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले गेले, तर मधले अंतर कोणी भरले हे विचारता येईल. आज ते अंतर सरासरीत बुडून जाते.