खुलताबादेतील दुसरी कबर

बजाजनगरात राहणाऱ्याला इतिहास फारसा वाट्याला येत नाही. कारखान्यांच्या आधाराने उभी राहिलेली ही वसाहत. इथल्या कुठल्याही भिंतीला पन्नास वर्षे झालेली नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी जुने काही पाहावेसे वाटले, की पावले दौलताबादचा घाट चढून खुलताबादेकडे वळतात. या खेपेस मात्र एक ठरवून निघालो होतो : घाई करायची नाही आणि बादशहापासून सुरुवात करायची नाही.

गाव तसे लहानच. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘रौजा’. ‘खुलताबाद’ हे नाव औरंगजेबाच्या मरणोत्तर ‘खुल्द-मकान’ या बिरुदावरून आलेले. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला वारलेल्या या बादशहाला शेख झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली पुरले गेले. २०२५ च्या मार्चमध्ये या कबरीवरून जे वादळ उठले ते वाचकांना ठाऊकच आहे. पहिला निजामही इथेच आहे, आणि गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहाही. ज्याने १६१० साली खडकी वसवली, म्हणजे आमच्या शहराचा पाया घातला, त्या मलिक अंबरची घुमटदार कबर गावाबाहेर आहे. तिथे घटकाभर बसलो.

पण आपण साहित्याची माणसे. आपण ज्याच्यासाठी इथे यावे तो आहे अमीर हसन सिजझी. अमीर खुस्रोचा मित्र, फारसी गझलेतले मोठे नाव, निजामुद्दीन औलियांचा शिष्य. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीकरांना दौलताबादेस हलवले, त्या लोंढ्यात हा म्हातारा कवीही दक्षिणेत आला आणि इथल्याच मातीत मिळाला. दान्ते फ्लोरेन्सपासून दूर राव्हेन्नात १३२१ साली गेला, हे आपण विद्यार्थ्यांना हळहळून सांगतो. हसनची कबर आपल्या दाराशी आहे.

हसनचे ‘फवायद-उल-फुआद’ म्हणजे निजामुद्दीनांच्या संभाषणांची, दिनांक घालून केलेली टिपणे. १३०८ साली त्याने ती सुरू केली आणि चौदा वर्षे चालवली. गुरूंनी ती स्वतः पाहिली, कोऱ्या राहिलेल्या जागा भरून दिल्या. आता आठवावे ते आपले ‘लीळाचरित्र’. तीसेक वर्षांपूर्वी, १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी चक्रधरांचे बोलणे-चालणे असेच गद्यात उतरवले. मात्र गुरू निघून गेल्यावर, नागदेवाचार्यांच्या आणि इतर भक्तांच्या आठवणी गोळा करून. ज्या वेरुळात चक्रधरांचा मुक्काम झाला ते इथून घाट उतरले की लगेच. एकाने दुसऱ्याचे वाचले असे कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण गुरूचा शब्द जसाच्या तसा, साध्या बोलीत, प्रसंगासकट जपावा ही ओढ एकाच पिढी-दोन पिढ्यांत दोन भाषांना व्हावी, आणि आपल्या अभ्यासक्रमात या दोन ग्रंथांची साधी ओळखही करून दिली जाऊ नये, हे मला खटकते. मी स्वतः कितीतरी वर्षे ‘लीळाचरित्र’ शिकवले. हसनचे नाव एकदाही घेतले नाही. फारसी येत नाही ही सबब खरी, पण भाषांतरे होती.

हसनजवळच गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४–१७८६) आहे. औरंगाबादेत आयुष्य काढलेल्या या पंडिताने भारतीय अलंकार आणि नायिकाभेद अरबी वाचकांना अरबीतून समजावून दिले. या खुलताबादच्या संतांवरही त्याने ग्रंथ लिहिला. आपल्या काव्यशास्त्राच्या तासाला हा माणूस कधी आलाच नाही!

मुलांना विद्या यावी म्हणून हसनच्या कबरीवर ठेवलेली साखर चाटवावी, अशी इथली जुनी समजूत आहे. बरोबर आलेल्या नातवाला ती सांगितली, तर त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘आजोबा, तुम्ही लहानपणी चाटली नव्हती का?’’ मी गाडीची किल्ली शोधू लागलो.