घराची डागडुजी आणि विम्याचा हप्ता

जुने घर दुरुस्त केले म्हणजे विम्याचा हप्ता आपोआप कमी होईल, अशी पुष्कळांची समजूत असते. इतिहास मात्र सांगतो, की भिंतीबरोबर शब्दही लागतो.

1666 साली लंडन जळाले. दाटीवाटीच्या लाकडी वस्तीत हजारो घरांची राख झाली. पुढे 1680च्या सुमारास निकोलस बार्बन याने तेथे घरांचा आगीचा विमा सुरू केला. विटांच्या घरास वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के दर, लाकडी घरास पाच. मालकाची प्रतिष्ठा नव्हे, तर घराची भिंत पाहून दर ठरला.

आपल्या खानदेशातले जुने घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि वर मातीचे धाबे. उन्हाळ्यात ते गार, पण पाण्यापुढे दुबळे. कॅप्टन ब्रिग्जने सरळ रस्ते आखून वसविलेल्या धुळ्याला 1872 साली पांझरेच्या पुराने मोठा तडाखा दिला. जळगावास कापसामुळे आगीचे भय. व्यापारी गाठींचा विमा उतरवी. त्या वाहणाऱ्या हमालाच्या घराचा विमा क्वचितच कोणाच्या मनात आला असेल.

आपल्याकडे आगीच्या विम्याचे दर दीर्घकाळ एका ठराविक दरपत्रकाने बांधलेले होते. गवत, बांबू, ताडपत्री यांचे छप्पर वा भिंती असलेले घर त्यात 'कच्चे' गणले जाई व दर चढा लागे. 1 जानेवारी 2007 पासून हे बंधन सुटले. दर कंपन्या ठरवू लागल्या. तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारणे, घासाघीस करणे हा आता आपला हक्क आहे. मजुरीचा दर मागितल्याशिवाय वाढत नाही. हप्त्याचा दरही मागितल्याशिवाय उतरत नाही.

छप्पर पक्के केले, विजेच्या जुन्या तारा बदलल्या, तर पावत्या व छायाचित्रे ठेवावीत आणि नूतनीकरणापूर्वी कंपनीला लेखी कळवावे. 2021 पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' विम्यात आगीबरोबर पूर, वादळ, भूकंप हेही येतात. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाइतकी असावी. जमिनीची किंमत त्यात धरू नये. दुरुस्तीने हा खर्च वाढला, तर दर उतरूनही एकूण हप्ता तेवढाच राहू शकतो. म्हणून रक्कम कमी लिहू नये. हप्त्यात वाचलेले शंभर रुपये पुराच्या दिवशी भिंत उभी करीत नाहीत.