अर्जदार कोण?

ई-मेलमुळे लोकप्रतिनिधीपर्यंत पोहोचणे सुकर झाले, अशी एक समजूत आहे. अंतर उरले नाही हे खरे; परंतु अंतर हीच काय ती अडचण होती, असे इतिहास सांगत नाही. या दृष्टीने अमेरिकेतील काँग्रेसचा वृत्तांत बोधप्रद आहे.

सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा लोकांचा हक्क तेथील संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने १७९१ साली सुरक्षित केला. पुढे गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांची रीघ लागली, तेव्हा २६ मे १८३६ रोजी प्रतिनिधिसभेने ठराव केला, की असे अर्ज न छापता व कोणत्याही समितीकडे न धाडता नुसते मेजावर ठेवावेत. १८४० साली तर ते स्वीकारूच नयेत, असा कायमचा नियम झाला. टपाल सुरळीत चालू होते. दार मात्र आतून बंद होते.

राष्ट्राध्यक्षपद भोगून पुन्हा साधे सभासद झालेले जॉन क्विन्सी ॲडम्स या नियमाशी वर्षानुवर्षे झगडले. फेब्रुवारी १८३७ मध्ये, गुलामांकडून आलेला म्हणून समजला जाणारा एक अर्ज सभेस घेता येईल काय, असा प्रश्न त्यांनी अध्यक्षांस विचारला. सभागृहात गदारोळ उसळला आणि गुलामांस अर्जाचा हक्कच नाही, असा ठराव झाला. गंमत अशी, की त्या अर्जातील मागणी गुलामगिरी रद्द करू नये अशी होती, हे ॲडम्स यांनी त्या गदारोळातच उघड केले. मजकूर काय, हे पाहण्यापूर्वीच 'अर्जदार कोण?' या प्रश्नावर निकाल लागला होता. तो नियम अखेर ३ डिसेंबर १८४४ रोजी रद्द झाला.

दीड शतकानंतर, जून १८९३ नव्हे, तर १९९३ मध्ये, त्याच सभेने सात सभासदांपुरता ई-मेलचा प्रयोग आरंभिला. त्यात मतदाराने प्रथम आपले नाव व पत्ता लिहिलेले कार्ड साध्या टपालाने धाडावे, अशी अट होती. विजेच्या वेगाने जाणाऱ्या पत्रास पोस्टमनची ओळखचिठ्ठी लागे! २००१ साली अँथ्रॅक्सचे विषारी जंतू भरलेली पाकिटे सिनेटरांच्या नावे आली. तपासणीपायी कागदी टपाल रेंगाळू लागले व ई-मेलचे महत्त्व वाढले. तरीही आज बहुतेक सभासद संकेतस्थळावरील अर्ज भरावयास लावतात आणि त्यात झिप कोड, म्हणजे त्यांचा पिनकोड, मागतात. सुमारे साडेसात लाख लोकांमागे एक प्रतिनिधी असता स्वतःचा मतदार निवडून काढणे त्यास भागच आहे. १८३७ चा अन्याय आणि आजची ही गरज यांस एकाच मापाने मोजता येणार नाही. पण प्रश्नांचा क्रम तोच राहिला आहे.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आपणां सरकारी नोकरांस हा क्रम विशेष जाणवावा. आपल्या संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने संघराज्यात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रार-अर्ज करण्याची मुभा दिली आहे. मतदारयादी मात्र सामान्यतः जेथे वास्तव्य तेथली. घर, जमीन, वृद्ध आईवडील रत्नागिरीस वा वर्ध्यास. मत दिल्लीस वा कलकत्त्यास. गावच्या रस्त्याविषयी लिहावे, तर तेथील खासदाराचे आपण मतदार नव्हे. आणि ज्याचे मतदार आहोत, त्यास तो रस्ता ठाऊक नाही. ई-मेलने मैल पुसले, मतदारसंघाची सीमा पुसली नाही. अर्जाचे यश त्याच्या वेगावर नव्हे, तर तो आपला मानून वाचणाऱ्यावर अवलंबून असते, हे ॲडम्स यांनी जाणले होते.