सर्व चुका राखीव

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' ह्या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाचा कॉम्प्युटर झळकला. फोटोतला तो डबा आतून रिकामा होता! खरं यंत्र अल्बुकर्कहून न्यूयॉर्कला पाठवताना वाटेत हरवलं, मासिक छपाईला जायची वेळ झाली, मग पुढे दिवे आणि बटणं लावलेला एक पोकळ डबा ठेवून फोटो काढला. घरगुती कॉम्प्युटरची लाट ज्या बातमीने सुरू झाली ती बातमीच अशी. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत ह्या यंत्राभोवती जे काही घडलं त्यात खरं किती आणि चेष्टा किती हे वेगळं काढणं तसंही अवघड आहे.

यंत्र काय होतं? इंटेलचा ८०८० प्रोसेसर, सुटे भाग घरी जोडायचे असतील तर किंमत साधारण ४०० डॉलर, आणि मेमरी २५६ बाइट. किलोबाइट नाही हं, बाइट. आपल्या देवनागरीच्या एका अक्षराला आज तीन बाइट लागतात, म्हणजे हे वाक्य त्यात जेमतेम मावलं असतं. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही. पुढची बटणं खालीवर करून एकेक बाइट आत ढकलायचा आणि उत्तर लुकलुकत्या दिव्यांतून वाचायचं. आणि तरीही लोक वेडे झाले. स्टीव्ह डॉम्पिअर नावाच्या एका गड्याने चार हजार डॉलरची ऑर्डर पाठवली, तर एमआयटीएस कंपनीने काही पैसे परत केले. कारण? मागवलेल्या वस्तू अजून तयारच झाल्या नव्हत्या. पठ्ठ्या खात्री करायला थेट अल्बुकर्कला जाऊन आला.

असे सगळे वेडे ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये जमले. बोलावणारे दोघे, स्वतः फ्रेंच आणि फ्रेड मूर. मूर हा इंजिनीअर नव्हेच, शांतता चळवळीतला कार्यकर्ता. बत्तीस जण आले. त्यात एचपीत कॅल्क्युलेटर डिझाइन करणारा एक लाजरा मुलगा होता, स्टीव्ह वॉझ्नियाक. हाच तो 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'. पुढे बैठका स्टॅनफर्डच्या लिनियर अ‍ॅक्सिलरेटरच्या सभागृहात भरायला लागल्या आणि सूत्रसंचालन ली फेल्सेनस्टाइनकडे आलं. बैठकीचा एक भाग म्हणजे एकेकाने उठून बातमी, अफवा, नवी चिप, काय असेल ते सांगायचं. दुसऱ्या भागाचं नाव 'रँडम अ‍ॅक्सेस', म्हणजे ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याने त्याला गाठायचं. कॉम्प्युटरच्या मेमरीचा शब्द माणसांच्या गर्दीला लावला की झाला विनोद. विनोदाची पातळी साधारण हीच होती, उगाच मोठ्या अपेक्षा ठेवू नका.

पण ह्याच लोकांचा एक किस्सा ऐकून माझ्या अंगावर आजही काटा येतो. डॉम्पिअरच्या अल्टेअरजवळ एकदा रेडिओ चालू होता. प्रोग्रॅम सुरू झाला की रेडिओ खरखरायचा. दुसऱ्या कुणी रेडिओ बंद केला असता. ह्याने कुठली सूचना चालवली की कुठला सूर निघतो ह्याचा तक्ता केला! एप्रिलच्या बैठकीत त्याने यंत्रावर रेडिओ ठेवला, बटणं टकटक करत सगळा प्रोग्रॅम हाताने भरला, मध्येच वायरीत कुणाचा तरी पाय अडकून वीज गेली, मेमरी पुसली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून भरला. आणि रेडिओतून बीटल्सचं 'फूल ऑन द हिल' वाजायला लागलं. ते संपल्यावर यंत्राने आपणहून दुसरं गाणं धरलं, 'डेझी'. खोलीतल्या प्रत्येकाला त्यातली खोच कळली, कारण १९६१ मध्ये बेल लॅब्जच्या कॉम्प्युटरने गायलेलं गाणं हेच आणि १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'त मरताना हॅल कॉम्प्युटर गुणगुणतो तेही हेच. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हे यंत्र काय कामाचं, हा तेव्हाचा सर्वात मोठा वाद होता आणि त्याला कुणाकडेच नीट उत्तर नव्हतं. डॉम्पिअरनेही उत्तर दिलं नाही, गाणं वाजवलं. प्रश्न विचारणं बंद झालं.

आता खरी भांडणं. एमआयटीएसचे मेमरी बोर्ड धड चालत नव्हते, म्हणून दुसऱ्या छोट्या कंपन्या अल्टेअरमध्ये बसणारे बोर्ड विकू लागल्या. कंपनीचे मालक एड रॉबर्ट्स भडकले आणि ह्या कंपन्यांना बांडगुळं म्हणाले. हॉवर्ड फुलमर नावाच्या एकाने काय करावं? आपल्या कंपनीचं नावच 'पॅरासिटिक इंजिनिअरिंग' ठेवलं. बांडगूळ अभियांत्रिकी! शिवीलाच पाटी करून दारावर लावल्यावर समोरचा काय बोलणार?

दुसरं भांडण सॉफ्टवेअरचं, आणि ते जास्त खोल होतं. बिल गेट्स, पॉल अ‍ॅलन आणि माँटे डेव्हिडॉफ ह्यांनी अल्टेअरसाठी बेसिक लिहिलं. एमआयटीएसकडून मेमरी बोर्डासकट घेतलं तर स्वस्त, पण नुसतं बेसिक घ्यायचं तर यंत्राच्या किटपेक्षाही महाग. म्हणजे बेसिक स्वस्तात हवं तर तो न चालणारा बोर्ड गळ्यात घ्या. जून १९७५ मध्ये पालो आल्टोच्या एका हॉटेलात कंपनीचं प्रात्यक्षिक होतं, तिथून बेसिकची एक कागदी टेप कुणाच्या तरी खिशात गेली. डॅन सोकॉलने तिच्या गठ्ठाभर प्रती काढल्या आणि क्लबात वाटल्या. अट एकच, एक न्या आणि पुढच्या वेळी दोन परत आणा. व्याजाचा हा दर ऐकून आपल्याकडचा सावकारही लाजला असता.

३ फेब्रुवारी १९७६ ला गेट्सने 'हौशी मंडळींना अनावृत पत्र' लिहिलं. तेव्हा वय वीस. त्याचा हिशोब असा की कॉम्प्युटरच्या वेळेवरच चाळीस हजार डॉलरच्या वर किंमतीचा वापर झाला, अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं, आणि मिळालेली रॉयल्टी कष्टांनी भागली तर ताशी दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत. तुमच्यापैकी बहुतेक जण चोरी करता, असं सरळ सांगितलं. मंडळी खवळली. काहींनी लगेच दाखवून दिलं की ते चाळीस हजार हार्वर्डच्या सरकारी पैशाने चालणाऱ्या कॉम्प्युटरचे होते, ह्याच्या खिशातले नव्हेत.

मी स्वतः कोड लिहून पगार घेतो, त्यामुळे गेट्सचं पत्र वाचताना मला त्याच्यावर हसता येत नाही. महिनोन् महिने डीबगिंग करायचं, कागदपत्रं लिहायची, आणि मग कुणीतरी टेप खिशात घालून निघून जायचं, ह्यात त्याचा संताप बरोबर होता. पण माणसं ओळखण्यात तो चुकला असं मला वाटतं. त्याच क्लबातल्या टॉम पिटमनने आपलं 'टायनी बेसिक' पाच डॉलरला विकायला ठेवलं, आणि लोकांनी मुकाट्याने पैसे पाठवले. फुकटाची हाव हे अर्धंच कारण होतं. किंमत आणि तो मेमरी बोर्डाचा जोडसौदा हे दुसरं.

टायनी बेसिकची कल्पना स्टॅनफर्डच्या डेनिस अ‍ॅलिसनची. दोन-तीन किलोबाइटमध्ये मावेल असं बेसिक कसं लिहायचं ह्याचा आराखडा त्याने बॉब अल्ब्रेख्तच्या 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी' ह्या पत्रात छापला आणि टेक्ससच्या दोघांनी १९७५ संपता संपता ते चालवूनही दाखवलं. हे सगळं छापायला जानेवारी १९७६ मध्ये जे मासिक निघालं त्याचं नाव वाचा: 'डॉ. डॉब्ज जर्नल ऑफ टायनी बेसिक कॅलिस्थेनिक्स अँड ऑर्थोडोंशिया'. म्हणजे कवायती आणि दात सरळ करण्याचं शास्त्र! डॉब हे डेनिस आणि बॉब मिळून. खाली घोषवाक्य, 'रनिंग लाइट विदाउट ओव्हरबाइट'. वरचे दात पुढे आले की इंग्रजीत ओव्हरबाइट म्हणतात आणि इथे बाइट कमी खर्चायचे, म्हणून दातांचा डॉक्टर. असल्या नावाचं मासिक वर्षभर तरी टिकेल असं कुणाला वाटलं असतं? ते कित्येक दशकं चाललं आणि व्यावसायिक प्रोग्रॅमर ते गांभीर्याने वाचत.

त्याच मासिकात १९७६ मध्ये ली-चेन वांगने आपलं 'पालो आल्टो टायनी बेसिक' छापलं. जिथे कॉपीराइटची ओळ असते तिथे त्याने लिहिलं, 'कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्हड'. राइट म्हणजे उजवाही आणि हक्कही, तर आपला डावा. सर्व हक्क राखीव नव्हेत, सर्व चुका राखीव. ज्याने कधी दुसऱ्याचा कोड सांभाळला आहे त्याला ही ओळ किती प्रामाणिक आहे ते कळेल :-)

गेट्सच्या पत्राला आलेल्या लांबलचक उत्तरांपैकी आज किती जणांना एखादं आठवतं? वांगचा शब्द मात्र राहिला. म्हणजे सरळ वारसाच होता असं नाही. रिचर्ड स्टॉलमनला कॉपीलेफ्ट हा शब्द ८० च्या दशकात डॉन हॉपकिन्सच्या एका पत्रातून मिळाला आणि १९८९ च्या जीपीएल परवान्याची कल्पना त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. पण कोटी तीच. आज वकील लोक ज्यावर कोर्टात तासन् तास बोलतात तो शब्द मुळात दोनदा झालेली एक कोटी आहे.

वॉझ्नियाकबद्दल सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. अ‍ॅपल-१ ची आकृती तो क्लबात फुकट वाटायचा. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पहिला वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर भरला, तिथे अ‍ॅपल-२ पहिल्यांदा लोकांसमोर आला. कंपनीच्या आयुष्यातला सर्वात महत्त्वाचा दिवस, आणि हा गृहस्थ काय करत होता? 'झॅल्टेअर' नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या कॉम्प्युटरची हजारो खोटी पत्रकं छापून गुपचूप टेबलांवर ठेवत होता. अल्टेअर आणि झेड-८० प्रोसेसर मिळून झॅल्टेअर. त्यात बेसिकसकट दिसेल त्या शब्दात 'झ' घुसवलेला, जुना अल्टेअर द्या आणि नवा न्या अशी योजना, आणि एड रॉबर्ट्सच्या नावाने एक बनावट अवतरण. त्या अवतरणातल्या शब्दांची पहिली अक्षरं जुळवली की 'प्रोसेसर टेक्नॉलॉजी' हे प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव निघायचं. म्हणजे कुणी खोदून पाहिलंच तर संशय तिसऱ्यावर!

पत्रकात तुलनेचा तक्ताही होता आणि त्यात अ‍ॅपल-२ होता. स्टीव्ह जॉब्जने तो गंभीरपणे वाचला आणि आपण काही फार मागे नाही ह्यावर समाधान मानलं. वॉझ्नियाक शेजारी बसून ऐकत होता, काही बोलला नाही. बऱ्याच वर्षांनी जॉब्जच्या वाढदिवसाला त्याने तेच पत्रक फ्रेम करून भेट दिलं, तेव्हा जॉब्जला कळलं.