बावन्न सेकंदांची बंदिश : मैदानावरील राष्ट्रगीत आणि समीक्षेचा निकष

१

गायकाच्या मूल्यमापनाची परिभाषा मराठी संगीतसमीक्षेजवळ उणी नाही. केशवराव भोळे यांच्या परीक्षणांपासून वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’पर्यंत आणि पुढे अशोक दा. रानडे यांच्या सौंदर्यशास्त्रीय विवेचनापर्यंत ती सातत्याने घडत आलेली आहे. या परिभाषेच्या मुळाशी एक गृहीत आहे : बंदिश ही गायनाची सुरुवात असते, आणि गायकाचे कर्तृत्व तो त्या बंदिशीचे पुढे काय करतो यावरून ठरते. आलाप, बढत, उपज, लयकारी या सर्व संज्ञा विस्ताराच्या आहेत. नाट्यसंगीतानेही हेच गृहीत स्वीकारले. ‘वन्स मोअर’ची प्रथा म्हणजे विस्ताराला प्रेक्षकांनी दिलेली उघड मान्यताच होती.

राष्ट्रगीत या गृहीतात बसत नाही. त्याची संहिता निश्चित, चाल निश्चित आणि कालावधीही सुमारे ५२ सेकंद असा शासनाच्या आदेशांनी निश्चित केलेला. बढतीला येथे जागा नाही आणि ‘वन्स मोअर’ची कल्पनाही अप्रस्तुत. मग एखादा लोकप्रिय गायक किंवा नट क्रीडांगणावर ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून हे गीत म्हणतो तेव्हा त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषाने करायचे? परंपरागत परिभाषा निरुपयोगी ठरते, आणि तिची जागा घड्याळ घेते किंवा गाणाऱ्याच्या योग्यतेविषयीचा संशय घेतो. या रिक्त जागेचा इतिहास तपासला असता एक निकष हाती लागतो, असे प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे आहे.

२

या प्रश्नाचे अलीकडचे ठळक उदाहरण नवी मुंबईतले आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला. भारताने ७ बाद २९८ धावा केल्या आणि दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ धावांत संपवून ५२ धावांनी विजय मिळवला. या सामन्यापूर्वी भारताचे राष्ट्रगीत म्हणण्यासाठी सुनिधी चौहान यांची, तर दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीतासाठी केपटाउनच्या टॅरिन बँक यांची निवड करण्यात आली होती.

हार्बर मार्गाने पनवेलहून नेरूळला जाणारा प्रेक्षक श्रवणाचे दोन संस्कार सोबत घेऊन जातो. पहिला संस्कार शाळेचा. शाळेच्या पटांगणात राष्ट्रगीत सर्वांनी मिळून म्हणायचे असते. एखाद्याचा सूर उतरला तरी तो समूहात विरून जातो, आणि कोण चांगले गाते हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. दुसरा संस्कार नाट्यगृहाचा. पनवेलच्या नाट्यगृहाला तालुक्यातील शिरढोण येथे जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे नाव आहे. अशा नाट्यगृहात बसलेला रसिक मात्र परीक्षकच असतो. तो जागा टिपतो, तान मोजतो, दाद देतो किंवा राखून ठेवतो. पहिल्या स्थळी तो नागरिक असतो, दुसऱ्या स्थळी रसिक. तारांकित गायनाने सुरू होणाऱ्या सामन्यात या दोन्ही भूमिका त्याच्याकडून एकाच वेळी अपेक्षिल्या जातात. उभा राहून मान देणारा आणि मनातल्या मनात गुण देणारा श्रोता एकच असतो. येथील समीक्षेचा खरा पेच या द्विधेत आहे.

३

‘जन गण मन’ प्रथम २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात गायले गेले आणि २४ जानेवारी १९५० रोजी संविधानसभेत त्याला राष्ट्रगीताचे स्थान मिळाले. या दोन तारखांच्या दरम्यान राष्ट्रीय गीत कोणी आणि कसे म्हणायचे, याविषयीचा जो झगडा झाला त्यात मराठी गायकांचा वाटा मोठा आहे.

१९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात ‘वंदे मातरम्’च्या गायनाला अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी आक्षेप घेतला असता विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी गायन थांबवले नाही. या प्रसंगाची राजकीय मीमांसा पुष्कळ झालेली आहे. सादरीकरणाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे. सभेच्या वतीने गाणारा एकल गायक येथे सभेच्या अध्यक्षासमोर ठाम उभा राहिलेला दिसतो. गीताचा अधिकार गायकाच्या व्यक्तित्वात एकवटू शकतो, ही शक्यता त्या दिवशी प्रकट झाली, आणि गायकाच्या कंठातून निघालेले गीत सर्वांचेच असेल असे नाही, हेही दिसून आले.

दुसरे उदाहरण मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे. भास्करबुवा बखले यांचे हे शिष्य, ‘प्रभात’च्या ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांचे संगीतकार आणि ‘कुलवधू’च्या पदांचे रचनाकार. ‘वंदे मातरम्’ला राष्ट्रगीताचा दर्जा मिळावा म्हणून त्यांनी कित्येक वर्षे प्रयत्न केले. हे गीत समूहाने म्हणता येत नाही आणि बँडवर वाजवता येत नाही, असा त्याविरुद्धचा आक्षेप होता. कृष्णरावांनी झिंझोटीवर आधारलेली सुटसुटीत चाल बांधली, बँडवादकांच्या साहाय्याने ती वाद्यांवर बसवली आणि दिल्लीत संविधानसभेच्या सदस्यांसमोर तिचे प्रात्यक्षिक घडवले. मैफल गाजवण्याचे सामर्थ्य असलेल्या या गायकाने आपल्या चालीतून गायकी जाणीवपूर्वक काढून टाकली होती. निर्णय त्यांच्या बाजूने लागला नाही. तथापि, ज्या कसोटीला ते उतरू पाहत होते ती कसोटी त्यांनी पूर्णपणे मान्य केली होती, ही बाब महत्त्वाची आहे.

ती कसोटी जवाहरलाल नेहरू यांनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी सभागृहात केलेल्या निवेदनात स्पष्ट झाली. १९४७ मध्ये न्यू यॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली; उपलब्ध असलेली ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका तेथील वाद्यवृंदाला देण्यात आली आणि वादन सर्वांना आवडले, असे त्यांनी सांगितले. राष्ट्रगीताच्या बाबतीत शब्दांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व चालीला आहे आणि ती देशात व परदेशात वाद्यवृंदांना व लष्करी बँडना वाजवता आली पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. भारताचे राष्ट्रगीत निवडले गेले ते बँड आणि समूह यांच्या कसोटीवर. एकल गायक या निवडीत विचारात घेतलेलाच नव्हता. सुमारे एका सप्तकात सामावणारी, बिलावलच्या छायेतील आणि प्रायः एका अक्षराला एक स्वर देणारी ती चाल सामान्य कंठाला पेलते, ही तिची संगीतविषयक गुणवत्ता याच कसोटीशी सुसंगत आहे.

४

क्रीडांगणावर प्रसिद्ध गायकाने राष्ट्रगीत म्हणण्याची प्रथा अमेरिकेत रुळली. ‘द स्टार-स्पँगल्ड बॅनर’ला अधिकृत दर्जा १९३१ मध्ये मिळाला, परंतु बेसबॉलच्या सामन्यांत ते त्याआधीपासून वाजत होते. त्याची चाल एका इंग्रजी मंडळाच्या गीतावरून घेतलेली आहे आणि तिचा विस्तार सुमारे दीड सप्तकाचा आहे. वरचा स्वर लागतो की नाही, या उत्कंठेला ती चालच जागा देते. तिच्यात परीक्षा अंगभूत आहे.

ऑक्टोबर १९६८ मध्ये डेट्रॉइट येथे होसे फेलिसियानो यांनी गिटारवर आपल्या शैलीत हे गीत म्हटले तेव्हा संतापाची लाट उसळली. १९८३ मध्ये मार्विन गे यांनी बास्केटबॉलच्या सामन्यापूर्वी त्याला वेगळ्याच तालाची डूब दिली आणि वाहवा मिळवली. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या दिवसांत, टँपा येथे व्हिटनी ह्यूस्टन यांनी मूळ तीन मात्रांचे गीत चार मात्रांत म्हटले. कंठस्वर आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता, तरी हेच गायन पुढे आदर्श मानले गेले आणि त्याची ध्वनिमुद्रिका विक्रीला आली. राष्ट्रगीत तेथे ‘आवृत्त्यां’चे झाले. कोणाची आवृत्ती श्रेष्ठ, हा प्रश्न विचारणे त्या संस्कृतीत स्वाभाविक ठरते, कारण मूळ रचनाच गायकाला स्वतंत्र कर्तृत्वाची संधी देते.

भारतात या वळणाची चाहूल जानेवारी २००० मध्ये ए. आर. रहमान आणि भारतबाला यांच्या ‘जन गण मन’ या ध्वनिचित्रमुद्रणाने दिली. भीमसेन जोशी, लता मंगेशकर, आशा भोसले यांसारख्या कलावंतांना त्यात गीताचा एकेक अंश वाटून दिलेला होता. आवाज ओळखण्याचा आनंद हा त्याच्या आस्वादाचा मोठा भाग आहे. जे गीत नामहीन कंठांसाठी स्वीकारले गेले त्याला प्रथमच नामांकित कंठांची दालने लाभली. पुढे २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी स्पर्धेने सामन्यापूर्वी पाहुण्या कलाकाराकडून राष्ट्रगीत म्हणवून घेण्याची रीत दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना परिचित केली.

५

मूल्यमापनाचा गोंधळ २०१६ मध्ये उघड झाला. १९ मार्च रोजी ईडन गार्डन्सवर भारत-पाकिस्तान सामन्यापूर्वी अमिताभ बच्चन यांनी भारताचे आणि शफकत अमानत अली यांनी पाकिस्तानचे राष्ट्रगीत म्हटले. बच्चन यांनी ठरलेल्या ५२ सेकंदांपेक्षा अधिक वेळ घेतला अशी पोलिसांत तक्रार झाली. अली यांच्यावर शब्द चुकल्याची टीका त्यांच्या देशात झाली आणि त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी मुंबईतील कबड्डी सामन्यापूर्वी एका चित्रपट अभिनेत्रीने म्हटलेले राष्ट्रगीत सदोष असल्याची तक्रारही पोलिसांपर्यंत पोहोचली. तिन्ही प्रसंगी सूर, लय, आवाजाचा पोत यांविषयी कोणी गंभीरपणे बोलले नाही. वेळ मोजला गेला, शब्द तपासले गेले.

शब्द तपासण्याचा आग्रहही भासतो तितका निर्विवाद नाही. ‘सिंध’ की ‘सिंधू’ या एका शब्दावरून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती. दोन्ही रूपे प्रचारात आहेत. शिवाय मूळ बंगाली उच्चार आणि देशभर रूढ झालेले देवनागरी उच्चार यांतील अंतर प्रत्येक मराठी कंठ रोज पार करतो. पाठभेद आणि उच्चारभेद पोटात घेऊनच हे गीत राष्ट्राचे झाले आहे.

कायद्याची भूमिका या संदर्भात बोलकी आहे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा राष्ट्रगीताचे गायन हेतुपुरस्सर रोखणे किंवा गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणे हा गुन्हा ठरवतो. बेसूरपणा त्याला ठाऊक नाही. शासकीय आदेशांत तर वादन आणि गायन यांत भेद केलेला असून गायनाला अनुमती देताना ते समूहगायनासह असावे, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील तीन शाळकरी मुलांचा न गाण्याचा अधिकार मान्य केला. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. गाणारे आणि निःशब्द उभे राहणारे, दोघेही त्या समूहाचे घटक आहेत, असा या निर्णयाचा अर्थ घेता येतो.

६

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राच्या राज्यगीताशी केलेली तुलना उपयुक्त ठरते. राजा बढे यांची रचना, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज यांतून सिद्ध झालेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले. त्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे. ते आधी एका गायकाच्या आवाजात लोकप्रिय झाले आणि नंतर अधिकृत ठरले. ते कोणीही म्हटले तरी पार्श्वभूमीला साबळे यांचा खडा शाहिरी स्वर ऐकू येतोच, आणि तुलना अटळ होते. ‘जन गण मन’ला असा एकही मूळ आवाज नाही. कोणत्याही कंठाची मालकी त्यावर बसलेली नाही, हे त्याचे सामर्थ्य आहे. प्रत्येक तारांकित सादरीकरण ही रिकामी जागा काही क्षण व्यापू पाहते.

बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात राष्ट्रगीताविषयी एक मर्मग्राही निरीक्षण नोंदवले आहे. शब्द सामान्य असोत वा चाल साधारण असो, परस्परांना अनोळखी माणसे एकाच क्षणी तेच शब्द उच्चारतात, या अनुभवात राष्ट्राची कल्पना ध्वनिरूप घेते. हे मान्य केले तर क्रीडांगणावरील गायकाचे कार्य मराठी रंगभूमीवरील नांदीसारखे ठरते. समूहाने म्हटल्या जाणाऱ्या नांदीत पुढे पदे गाजवणारा नटही सामील असतो, मात्र तिथे तो आपली गायकी मांडत नाही. त्याची कसोटी पुढे आहे.

म्हणून मैदानावरील राष्ट्रगीताच्या गायनाला लावायचा निकष संयमाचा आहे. गायकाने लय इतकी स्थिर ठेवली का, की हजारो अप्रशिक्षित कंठांना तिच्यात पाऊल टाकता यावे? स्वराची पट्टी सामान्य कंठाला पेलणारी होती का? हरकतींनी सोबत म्हणणाऱ्याला वाटेत सोडले का? ध्वनिक्षेपकाचा आवाज जनसमूहाच्या आवाजावर चढला, की त्याला आधार देऊन मागे राहिला? हे प्रश्न संगीताचे आहेत आणि नागरिकत्वाचेही. सेकंद मोजणाऱ्या तक्रारदाराला ते सुचत नाहीत. गळ्याच्या फिरतीवर लुब्ध होणाऱ्या चाहत्यालाही ते सुचत नाहीत.

यात गायकाचे अवमूल्यन नाही. ज्याच्यापाशी विस्ताराचे सामर्थ्य आहे त्यानेच विस्तार टाळला, तर त्या टाळण्याला कलात्मक अर्थ प्राप्त होतो. झिंझोटीची चाल बांधताना मास्टर कृष्णरावांनी हेच केले होते, आणि त्यांची चाल निवडली गेली नाही म्हणून त्या कृतीचे मोल कमी होत नाही. सुनिधी चौहान यांच्यासारख्या समर्थ गायिकेपुढे नेरूळच्या मैदानावर असलेले आव्हानही याच जातीचे होते. राष्ट्रगीत मैफलीसारखे ऐकायचे झाले, तर नागरिकाच्या वाट्याला केवळ प्रेक्षकाची खुर्ची उरते. जाहिरातींनी वेढलेल्या मैदानावर जे थोडे क्षण अजून कोणाच्या नावावर नाहीत, त्यांत ही बावन्न सेकंदे येतात. ती तशीच राखणे ही गाणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती राखली गेली का, हे पाहणे समीक्षेची.